एक टक्क्याचं घर

घर माझ्या नावावर आहे, त्याचं कारण एक टक्का.

१ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर विकत घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. आमचा अमरावतीतला फ्लॅट ३६ लाखांचा. म्हणजे ३६ हजार वाचतात. बाबांनी हा हिशेब जुन्या डायरीत मांडला, खाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "तुह्याच नावावर घेऊ मंग. फ्रिज निंगते त्याच्यात."

कर्ज माझं आहे. हप्ता माझ्या पगारातून जातो आणि अजून एकोणीस वर्षं जाणार आहे. पण कागदावर माझं नाव त्यामुळे आलं नाही, फ्रिजमुळे आलं. तेव्हा मी खूप हसले होते. ऑफिसच्या ग्रुपवर जोक म्हणून टाकलंही होतं. घर लावायला घेतलं तसतसं ते हसू कमी होत गेलं, आणि त्याला थोडंफार एक नाटक जबाबदार आहे.

हा लेख त्या नाटकाबद्दल आहे. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी'. ते मी तिसऱ्यांदा वाचलं ते टाइल्सच्या दुकानात, आमचा नंबर यायची वाट बघत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून. आणि पहिल्या दोन वेळांना जे नाटक वाचलं होतं, ते हे नव्हतंच असं वाटलं.

सेव्ह केलेला वाडा

आधी थोडं आमच्याबद्दल. आईबाबा बावीस वर्षं अकोल्यात डाबकी रोडला भाड्यानं राहिले. मी इंजिनिअरिंग अमरावतीत केलं, कठोरा नाक्याजवळच्या होस्टेलवर राहून. आता नोकरी पुण्यातल्या कंपनीत आहे, पण महिन्यातले तीन आठवडे घरून काम. बाबा रिटायर झाले, आईचं माहेर अमरावतीचं, म्हणून फ्लॅट अमरावतीत. दर शनिवारी आईबाबा अकोल्याहून यायचे, मूर्तिजापूर, बडनेरा करत. याच अकोला-अमरावती रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. आमच्या बाथरूमची फरशी बसायला एकोणीस दिवस लागले. त्याची नोंद फक्त बाबांच्या डायरीत आहे.

घर कसं दिसावं हे माझं ठरलेलं होतं. चार वर्षांपासून मी फोनवर फोटो सेव्ह करत होते. लाकडी खांब. पितळी साखळ्यांची बंगई. कोटा फरशी. भिंतीत कोनाडे आणि त्यात समई. कोपऱ्यात घंगाळ, घंगाळात मनी प्लांट. डिझायनर मुलीनं ते बघितलं आणि एका सेकंदात नाव दिलं: "वाडा थीम."

हे नाव ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे आपली आवड पांढऱ्या टाइल्स आणि निळ्या एलईडीवाल्यांपेक्षा वेगळी आहे, जरा मुळांशी जोडलेली आहे, असं काहीतरी. मी फोन आईपुढे धरला. तिनं बोटानं एकेक फोटो सरकवला, शांतपणे, सगळे. मग म्हणाली, "हे सगयं पुसन कोन?"

मी म्हटलं, मी पुसेन. ती माझ्याकडे बघून हसली. तिला पुढची शंका होती. "अन् बंगई कुठी टांगशीन? स्लॅबले?"

आईला हवी होती पांढरी, चकाकणारी व्हिट्रिफाइड टाइल. मोठी, म्हणजे सांधे कमी. सांधे कमी म्हणजे मळ कमी. मला ती हॉस्पिटलसारखी वाटत होती आणि मी तसं बोललेही. आईनं उलट उत्तर दिलं नाही. पण मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावचं घर तिला आठवलं असणार. दोन खणांचं, धाब्याचं, मातीचं घर. लग्न होऊन आली तेव्हापासून अकोल्याला बिऱ्हाड करेपर्यंत तिनं ते घर सारवलं. दर आठवड्याला शेणानं जमीन, दिवाळीच्या आधी भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा. मातीच्या घराचा रंग फोटोत फार सुंदर दिसतो. तो रंग माझ्या आईच्या नखांत असायचा.

गाडगेबाबांची समाधी ज्या गावात आहे, त्या गावात घर घेताना पहिला प्रश्न "झाडणार कोण?" हाच पडायला हवा होता. मला तो पडला नाही. माझ्या आवडीत झाडूच नव्हता.

धरणगावचे देशपांडे

'वाडा चिरेबंदी' ज्यांनी वाचलं-पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. विदर्भातलं धरणगाव. तिथल्या देशपांड्यांच्या वाड्यात कर्ता पुरुष, तात्याजी, वारले आहेत. धाकटा मुलगा सुधीर आणि त्याची बायको अंजली मुंबईहून येतात. थोरला भास्कर वाडा सांभाळतो. घरात त्याची बायको (सगळ्यांची वहिनी), त्यांची मुलं पराग आणि रंजू, सगळ्यांत धाकटा भाऊ चंदू, बिनलग्नाची बहीण प्रभा, आई, आणि अंधुक दिसणारी म्हातारी दादी. तेराव्याचा खर्च करायचा कसा, यावरून घर उसवत जातं. जमीन राहिली नाही, पैसा नाही, पण गावजेवण घालायला हवं, कारण देशपांडे आहेत.

एलकुंचवार मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. १९८५ साली विजया मेहतांनी हे नाटक रंगमंचावर आणलं. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही दोन नाटकं येऊन त्रयी झाली. चंद्रकांत कुलकर्णींनी १९९४ मध्ये ही तिन्ही नाटकं सलग सादर केली. 'युगान्त'ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या भागातल्या घरावर इतकं मोठं काम मराठीत दुसऱ्या कुणी केल्याचं मला तरी माहीत नाही.

माझी या नाटकाशी पहिली भेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला झाली. गॅदरिंगमध्ये आम्ही त्यातला एकच प्रवेश केला होता, दागिन्यांचा. रात्री भास्कर आणि वहिनी घराण्याचं सोनं काढतात आणि वहिनी एकेक करत ते सगळं अंगावर घालते. मी लाइट्सवर होते. अंधारात एकच पिवळा दिवा हळूहळू चढवायचा, एवढंच काम. इमिटेशनचे दागिने भाड्यानं आणले होते. तरी तो दिवा चढला की हॉलमध्ये अशी शांतता व्हायची की मागच्या बाकावरची पोट्टीसुद्धा गप्प. मला तेव्हा वाटलं, केवढं वैभव होतं आपल्याकडे.

'आपल्याकडे' हा शब्द मी तेव्हा सहज वापरला. त्याच्याकडे परत येते.

दुसऱ्यांदा वाचलं ते नोकरी लागल्यावर पुण्यात, घरची आठवण येत असताना. तेव्हा ते पडत्या वाड्याचं शोकगीत वाटलं. मला वाटतं बहुतेक जण हे नाटक असंच लक्षात ठेवतात. काहीतरी सुंदर, जाडजूड, दगडी होतं, ते पडलं, अरेरे. आणि या 'अरेरे'चंच पुढे वॉलपेपर होतं. रेस्टॉरंटला वाडा नाव, रिसॉर्टला वाडा नाव, आणि माझ्या फोनमधला सेव्ह केलेला फोल्डर.

टाइल्सच्या दुकानात मात्र माझ्या हातात मेजर टेप होता आणि डोक्यात सतत एकच प्रश्न: ही वस्तू काय काम करते? त्या डोळ्यांनी नाटक वाचलं तर दिसतं की वाड्यातल्या महत्त्वाच्या वस्तूंपैकी एकही काम करत नाही. अंगणात ट्रॅक्टर उभा आहे, तो चालत नाही. गंजतो आहे, आणि अंधारात माणसं त्याला ठेचकाळतात. सोनं आहे, ते विकता येत नाही. घालून मिरवायचं तर दारं लावून, रात्री. तेराव्याचं जेवण आहे, त्यानं पोट गावाचं भरणार आणि घर रिकामं होणार. या तिन्ही गोष्टींचं काम एकच, आपण कोण होतो हे सांगत राहणं.

म्हणजे एलकुंचवार वाड्यासाठी रडत नाहीत. वाड्यातल्या वस्तूंचा ते अगदी कोरडेपणानं हिशेब मांडतात. ज्या वस्तू दाखवण्यासाठी ठेवल्या जातात, त्या शेवटी घरातल्या माणसांच्या पायात येतात, हे ते ट्रॅक्टर अंगणात उभा करून सांगतात. आणि मी मनी प्लांट लावायला घंगाळ शोधत होते. ज्यात कधी पाणी तापणार नाही असं घंगाळ. माझा छोटा ट्रॅक्टर.

वाड्यात एकच गोष्ट खरोखर काम करत असणार, ती म्हणजे भिंतीची जाडी. आपल्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो. दोन-अडीच हातांची भिंत दुपारची उष्णता आत पोचायला उशीर करते. ती आत येईपर्यंत बाहेर संध्याकाळ झालेली असते. आमच्या फ्लॅटची भिंत सहा इंचांची. तिला वाड्याचा रंग दिला, तिच्यापुढे लाकडी खांब उभा केला, तरी दुपारी दोनला ती तव्यासारखीच तापणार. खांब विकत मिळतो. जाडी मिळत नाही.

प्रभा कुठे झोपते?

फ्लॅटचा नकाशा हातात असला की माणूस प्रत्येक घराच्या खोल्या मोजतो. मी वाड्यातल्याही मोजायला लागले. भास्कर-वहिनींची खोली. सुधीर-अंजली पाहुणे, त्यांना खोली. दादीची जागा ठरलेली. प्रभा?

प्रभाला शिकायचं होतं, शिकू दिलं नाही. लग्न झालं नाही. ती घरात आहे, कामाला आहे, बोलते तेव्हा सगळ्यांत धारदार बोलते आणि तिच्या बोलण्यानं काहीही बदलत नाही. पहिल्या दोन वाचनांत मला ती कडवट वाटली होती. "हिला काय झालंय सतत?" असं. आता वाटलं, या घरात वस्तुस्थिती बोलणारी ती एकटीच आहे, आणि वस्तुस्थिती बोलायचा तिचा हक्क कुणी मान्यच केलेला नाही.

यात आपला कायदा कसा बसतो हे मला घराची कागदपत्रं करताना कळलं. वकिलाकडे बसले होते, विषय निघाला, नंतर मी स्वतः वाचून काढलं. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यानं वडिलांच्या हिश्श्यात मुलीला मुलांबरोबर वारस केलं. पण त्यात कलम २३ होतं. मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या राहत्या घरात कुटुंब राहत असेल, तर मुलगे वाटणी करायचं ठरवत नाहीत तोपर्यंत बाईला वाटणी मागता येत नव्हती. मुलीला फक्त राहण्याचा हक्क, तोही ती बिनलग्नाची, विधवा किंवा नवऱ्यापासून वेगळी असली तर. हे कलम २००५ च्या दुरुस्तीनं रद्द झालं. त्याआधी महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून, तोवर लग्न न झालेल्या मुलींना, वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क दिला होता. पण 'वाडा चिरेबंदी' १९८५ चं आहे.

म्हणजे प्रभा राहू शकते, मागू शकत नाही. वाटणी कधी करायची ते भाऊ ठरवणार. नाटक कायद्याबद्दल नाही आणि मी ते तसं करूही पाहत नाही. पण कलम २३ वाचल्यावर प्रभाचा प्रत्येक प्रवेश मला वेगळा दिसला. तिचा कडवटपणा हा स्वभाव नाही, तो तिचा पत्ता आहे. ज्या घरात तुम्हाला फक्त राहता येतं, त्या घराबद्दल तुम्ही हळवे कसे होणार? वाड्याबद्दल हळवं व्हायची चैन सुधीरला परवडते, कारण त्याचं मुंबईत बिऱ्हाड आहे. मला परवडत होती, कारण मी पुण्यात होते.

चंदूचंही तसंच. तो पुरुष आहे, कागदावर त्याचा हिस्सा आहे, पण तो घरातला गडी झाला आहे. निमूट राबतो, आणि त्याच्या पायाची जखम चिघळत जाते. घर चालवणारी माणसं आणि घर ज्यांचं आहे ती माणसं वेगळी असू शकतात, हे नाटक इतकं स्पष्ट दाखवतं, तरी आपण बाहेर पडताना बोलतो ते पडणाऱ्या भिंतींबद्दल. मला वाटतं, यात दोष आपल्या बघण्याचा आहे. भिंती कुणाच्याही पडल्या तरी वाईट वाटतं. प्रभाबद्दल वाईट वाटायला आधी आपल्या घरातली प्रभा ओळखावी लागते.

हे लिहीत असताना आत्याचा फोन आठवतो. स्पीकरवर होता. "पोरीच्या नावावर घर घेतलं म्हन्ते. मंग तिचं लगन झाल्यावर तुमी कुठी जासान?" बाबा म्हणाले, "अवं, ते सवलतीसाठी हाय फक्त." मी बाजूच्याच खोलीत लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये होते. माझा माइक बंद होता.

ओसरीच्या बाहेर

आता नाटकाशी माझं भांडण.

'वाडा चिरेबंदी'ची तुलना बरेचदा चेखवच्या 'चेरी ऑर्चर्ड'शी होते, आणि ती योग्यच आहे. दोन्हीकडे जमीनदार घराणं, पैसा संपलेला, वास्तू हातातून जाणार, आणि कुणालाच काही करता येत नाही. पण १९०४ मध्ये रंगमंचावर आलेल्या चेखवच्या नाटकात एक माणूस आहे, लोपाखिन. त्याचे बापआजे त्याच इस्टेटीवर गुलाम होते, त्यांना स्वयंपाकघरातही पाय ठेवायला मिळत नव्हता. शेवटी ती इस्टेट लोपाखिन विकत घेतो. तो आनंदानं नाचतो, त्याला लाजही वाटते, आणि मग तो झाडांवर कुऱ्हाड चालवायला लावतो. त्याच्यामुळे आपल्याला कळतं की एकाच घटनेला एका बाजूनं अंत म्हणतात आणि दुसऱ्या बाजूनं सुरुवात.

धरणगावच्या वाड्यात लोपाखिन रंगमंचावर येत नाही. तिथं दिसतात ती सगळी देशपांड्यांचीच माणसं. वाड्याचे चिरे कुणी घडवले, अंगण कोण झाडायचं, खळ्यावरचं धान्य कोण निवडायचं, ती माणसं बाहेर राहतात. 'मग्न तळ्याकाठी'मध्ये घराला पुन्हा बरे दिवस आलेले दिसतात, पण ते आणतो परागच, म्हणजे घरचाच. आणि तिसऱ्या नाटकाचं नाव 'युगान्त'. एका घराचं संपणं हे युगाचं संपणं होतं, ते त्या घराच्या आतून पाहिलं तर.

माझी आजी अशाच एका वाड्यावर धान्य निवडायला जायची. आमच्या गावचा वाडा, आता त्याची एक भिंत उभी आहे. मी लहानपणी तिला विचारलं होतं, आत कसं होतं गं? ती म्हणाली, "आत कोन गेलं? ओसरीवर बसाचं, निवडाचं, अन् निंगाचं." तो वाडा पडला तेव्हा आजीला दुःख झाल्याचं घरात कुणाला आठवत नाही. त्या सुमारास बाबांना नोकरी लागली होती, तेवढंच आठवतं.

एलकुंचवारांनी हे लिहायला हवं होतं असं मी म्हणत नाही. नाटककार आपल्याला आतून ठाऊक असलेलं घर लिहितो, आणि त्यांनी ते घर कुणाचाही मुलाहिजा न ठेवता लिहिलं. न पाहिलेल्या ओसरीबद्दल खोटं लिहिण्यापेक्षा ते कितीतरी प्रामाणिक. पण वाचणाऱ्यानं आपण कुठे बसलो आहोत हे विसरू नये. दुसऱ्या वर्षाला लाइट्सवर बसून "केवढं वैभव होतं आपल्याकडे" म्हणताना मी आजीला ओसरीवर सोडून स्वतः आत जाऊन बसले होते, आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. लोपाखिननं निदान बाग तोडली. मी हप्त्यावर फ्लॅट घेऊन त्यात वाड्याचे खांब बसवायला निघाले होते.

आवड ही आपली स्वतःची असते असं आपल्याला वाटतं. माझी तर नव्हतीच. ज्या घरात माझ्या घरच्यांना प्रवेश नव्हता, त्या घराची ती आवड होती. मी ती 'मुळं' म्हणून सेव्ह केली होती. आणि ज्या आवडीला मी हॉस्पिटल म्हणाले, ती पांढरी टाइल, ती आईची स्वतःची होती. अनेक वर्षांच्या सारवणानंतर, गुडघे दुखायला लागल्यावर कमावलेली.

एकतीस इंच

खांब आले नाहीत. बंगई आली नाही. टाइल पांढरी लागली. सगळंच आईच्या मनासारखं झालं असंही नाही. हॉलमधली एक भिंत मी विटकरी करून घेतलीच, आणि बाबांनी माझ्या नाकावर टिच्चून फॉल्स सीलिंगमध्ये निळी पट्टी लावली. ती रात्री लागली की आमचा हॉल लक्झरी बससारखा दिसतो. बाबा खूश आहेत.

दोन गोष्टींवर मात्र मी अडून बसले.

एक, कूलरची खिडकी. बिल्डरच्या नकाशात थ्री-ट्रॅक स्लायडिंग होती, मच्छर जाळीसकट. सुंदर, पण तिच्यात डेझर्ट कूलर बसत नाही. डिझायनरचं म्हणणं, एसी लावा, बाहेरून लोखंडी स्टँड वाईट दिसतो. कूलर कोरड्या हवेवर चालतो. ओल्या ताटीतून हवा ओढली की पाण्याची वाफ होताना उष्णता जाते, आणि आत आलेल्या हवेला समोरून बाहेर पडायला वाट लागते. आपल्याकडचा उन्हाळा कोरडाच, म्हणून तो इथं चालतो आणि मुंबईत चालत नाही. पुण्या-मुंबईच्या कॅटलॉगमध्ये म्हणूनच तो सापडत नाही. आम्ही एक खिडकी बदलून घेतली, समोरच्या दाराला वर झडप ठेवली. स्टँड वाईट दिसतो हे खरं आहे. आईच्या कुरडया आणि सरगुंडे मात्र अजून अधांतरी आहेत. गच्चीच्या कुलपाची किल्ली सोसायटीकडे आहे आणि वाळवणाबद्दल मीटिंगमध्ये ठराव व्हायचा आहे.

दुसरी गोष्ट, ओटा. मिस्त्री म्हणाला, "चौतीस इंच असते म्याडम. सगयीकडं तोच साइज चालते." आई चार फूट दहा इंच आहे. अकोल्याच्या भाड्याच्या घरात बावीस वर्षं तिनं उंच ओट्यावर, खांदे वर उचलून, कणीक मळली. संध्याकाळी खांद्याला बाम लावायची, आणि आम्ही सगळे तो वास म्हणजे आईचा वास समजायचो. मी तिला भिंतीशी उभं केलं, कोपर वाकवायला लावलं आणि टेप लावला. कोपराच्या खाली चार-पाच इंच ओटा हवा. आला एकतीस. मिस्त्री म्हणाला, पुढे घर विकायचं झालं तर अडचण होईल. बाबा म्हणाले, उद्या पोराची सून आली तर? माझा भाऊ अकरावीत आहे.

मी म्हटलं, एकतीस.

घर माझ्या नावावर आहे हे मी तोंडानं म्हणाले नाही. पण ते माझ्या आवाजात होतं, आणि सगळ्यांनी ऐकलं. मिस्त्रीनं खुणेची रेघ खाली आणली. एक टक्क्यानं मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी हे सांगेन: तीन इंच. प्रभाला तेवढेही मिळाले नव्हते.

पहिल्या दिवशी आईनं ज्वारीच्या भाकरी केल्या. मी दारात उभी. तिनं काही विशेष म्हटलं नाही. जेवण झाल्यावर भांडी आवरताना म्हणाली, "हात नाई दुखला आज." त्या ओट्यावर मला वाकावं लागतं, माझी उंची जास्त आहे. मी वाकते.

राहिली दारावरची पाटी. बाबांनी अकोल्याच्या घराची पितळी पाटी सोबत आणली आहे, त्यांच्या नावाची, चिंच लावून चकचकीत केलेली. ती लावायला त्यांनी ड्रिल काढलं, माझ्याकडे बघितलं, आणि ड्रिल परत ठेवून दिलं. मी काही बोलले नव्हते. तेव्हापासून ती पाटी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे. दोन नावं लावायची का, तीन लावायची का, आईचं लावायचं का, लावलं तर कुठे, यावर कुणी विषय काढत नाही.

पाटी नाही म्हणून कुरिअरवाले फोन करतात. कुणाचं घर म्हणून विचारू? बाबा उचलतात तेव्हा स्वतःचं नाव सांगतात. मी उचलते तेव्हा माझं. परवा आईनं उचलला.

"तिसऱ्या माळ्यावर," ती म्हणाली. "खालून पाहा, कूलरवाली खिडकी एकच हाय."